देवघरातला कॅन

"कर की सही. माणूस खोळंबलाय," सोमनाथ म्हणाला आणि त्यानं पेन सुरेखाच्या हातात कोंबलं.

सुरेखानं पेन घेतलं, पण टोपण काढलं नाही. समोर कागद पसरले होते. शेंद्र्याजवळचं दोन एकर रान विकायचं, कोकणात समुद्राकाठी चार खोल्यांचं घर घ्यायचं, खोल्या पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या आणि सगळ्यांनी तिकडंच राहायला जायचं, असा बेत होता. रान तिचं. आप्पासाहेबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जाताना तिच्या नावावर केलेलं. म्हणून तर सहीपुरती तिची आठवण झाली. बेत ठरवताना तिला कुणी हिंग लावूनही विचारलं नव्हतं.

वाळूजच्या कंपनीत वीस वर्षं शिफ्ट करून नवरा कावलाय, हे तिला काय दिसत नव्हतं? पण दोन दिवस कोकणात जाऊन आला काय आणि पार खुळावला काय! "विहीर काठोकाठ, सुरेखा! वाकलं की हात बुडतो!" आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरातला माणूस तो. विहीर बघून त्यानं हातच जोडले. वीस लिटरचा कॅन भरून घेतला आणि एसटीत पायाशी धरून संभाजीनगरला आणून थेट देवघरात ठेवला. रोज त्या पाण्यानंच देव धुवायचे. तोंडाला कुणी लावायचं नाही, त्यानंही लावलं नव्हतं. सौदा पुरा झाला की नारळ फोडून सगळ्यांनी तीर्थ घ्यायचं. सुरेखानं तेही मुकाट ऐकलं. रोज तांब्याभर पाण्यानं देव धुतले आणि तेच पाणी गॅलरीतल्या तुळशीला घातलं. दुसरं घालायला ड्रममध्ये होतं कुठं?

आणि आज सकाळी हाच माणूस गॅलरीतून ओरडला होता, "तुळस वाळली बघ! एवढंसं झाड सांभाळता येत नाय, तिथं चार खोल्या काय सांभाळशील?"

ते अजून तिच्या काळजात सलत होतं. त्यात हा समोर बसलेला अभय, कोकणातलं घर दाखवणारा दलाल. रानाला गिऱ्हाईकही त्यानंच आणलेलं. तो आल्या आल्या तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला, तर यानं हात आडवा केला. "नको वहिनी, मला कुठलंही पाणी सोसत नाही." आणि पिशवीतून विकतची बाटली काढली. ज्या घरात पाणी जपून वापरतात, त्या घरातलं पाणी नाकारलं मेल्यानं!

"मला आधी सांगा," सुरेखा म्हणाली, "पावसाळ्यात चार महिने पर्यटक येत नाहीत, तवा खायचं काय? दवाखाना किती लांब? आपल्या लेकीला, राजनंदिनीला, कॉलेज कुठलं?"

अभय हसला. "वहिनी, एवढा विचार केला तर माणूस घराबाहेरच पडायचा नाही."

"बायकांचं असंच असतंय," सोमनाथ म्हणाला. "साऱ्या चौकशा! अगं, पाणी बघ की पाणी! सांगा हो हिला."

"अमृत आहे वहिनी," अभय म्हणाला. "नारळाच्या पाण्यासारखं गोड."

सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली. देवघरातला कॅन फरफटत बाहेर आणला, ग्लास भरला आणि अभयच्या पुढ्यात आदळला.

"अगं, ते देवाचं पाणी हाय!" सोमनाथ ओरडला.

"असू द्या. पाहुणाबी देवच," सुरेखा म्हणाली. "घ्या भाऊ. आमचं पाणी सोसत नाय ना? हे तर तुमच्याच विहिरीचं हाय."

अभयनं ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. मग खाली ठेवला आणि त्याचा हात बाटलीकडं गेला. "आत्ता तहान नाही हो मला."

सोमनाथला ते फार लागलं. ज्या पाण्यापुढं त्यानं हात जोडले, ते असं बाजूला सारायचं? "आणा इकडं," म्हणत त्यानं ग्लास घेतला, कपाळाला लावला आणि मोठा घोट घेतला.

घोट तोंडातच राहिला. गिळवेना, आणि देवाचं म्हणून थुंकवेना. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठं कसाबसा घशाखाली उतरला.

"खारं हाय हे!" तो म्हणाला. "मिठागरासारखं खारं!"

"समुद्र जवळ आहे, जरा मचूळ लागणारच," अभय कागद सारखे करत पुटपुटला. "वापरायला चालतं. प्यायला टँकर येतो की."

"टँकर?" सोमनाथ म्हणाला आणि त्यानं ग्लास खाली ठेवला.

सुरेखानं पेन कागदांवर ठेवलं. टोपण अजून तसंच होतं. तिनं गॅलरीकडं बघितलं आणि मग नवऱ्याकडं.

"सकाळी माझ्यावर ओरडलात," ती म्हणाली. "त्या तुळशीला मी रोज न चुकता पाणी घातलंय. तुम्ही आणलेलंच."