पहिली ओळ

"हा सोडून दुसरा कुठलाही संगणक घे," आई म्हणाली आणि कीबोर्डवर हात आडवा ठेवून बसली.

"दुसरा असता तर सकाळी सकाळी तुझ्याशी भांडले असते का?" मुलगी म्हणाली.

खरंच नव्हता. संगणकाचा सगळा कारभार ज्या गाभ्यावर चालतो, तो कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. त्यात नव्याने येणाऱ्यांसाठी एक पान असतं: कर्नल आपल्या संगणकावर बांधायचा, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालता करायचा, तर आधी कुठली सॉफ्टवेअरं नवी करून घ्यायची आणि निदान कुठल्या आवृत्तीपर्यंत. हे पान आधी मुलीचा दादा सांभाळायचा. लहानपणी सारखा गुणगुणायचा म्हणून घरात त्याला सगळे भुंगा म्हणत. गेल्या वर्षी तो गेला आणि पान धाकट्या बहिणीकडे आलं. नियम त्याचाच होता. लिहिलेलं सगळं आधी सर्वांत जुन्या संगणकावर स्वतः करून बघायचं, मग नवख्याला सांगायचं. नवख्याचं काय असतं, पान चुकलं तरी बिचारा स्वतःलाच मठ्ठ समजतो आणि निघून जातो.

आणि सर्वांत जुना संगणक हा. भुंग्याचा. त्यावर दुसऱ्या कुणाचं खातंच नव्हतं.

आईचा जीव अडकला होता तो पहिल्या ओळीत. संगणक सुरू झाला की काळ्या पडद्यावर आधी एक ओळ उमटायची: हा कर्नल कुणी बांधला, कुठल्या तारखेला. तिथे लेकाचं नाव यायचं. तेही लाडाचं, कारण कारट्याने खात्याला तेच नाव दिलं होतं. आई रोज आंघोळ झाली की संगणक सुरू करायची, ओळ बघायची आणि बंद करायची. "अहो, असं किती दिवस करणार?" असं शेजारीण एकदा म्हणाली. तिच्याशी आई अजून बोलत नाही.

"नवा बांधलास की ती ओळ जाईल ना?"

"जाईल."

"मग जुना राहू दे बाजूला."

"डिस्क एवढीशी आहे गं त्याची. जुना काढल्याशिवाय नवा मावत नाही. ओळीचा फोटो काढून ठेवलाय मी."

"फोटो भिंतीवर आहेच की," आई म्हणाली.

मुलगी खुर्ची ओढून शेजारी बसली. पान आज पाठवायचं होतं.

"न बघताच पाठव," आई म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

आई बोटाने कीबोर्डवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "त्याने पाठवलं असतं?"

मुलीने नाही अशी मान हलवली. आईने कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

संगणक सुरू झाला. पहिली ओळ आली. आईने ती ओठ हलवत वाचली आणि पदराने चष्मा पुसला. मग मुलीने आपणच लिहिलेलं पान उघडलं आणि अगदी नवख्यासारखी एकेक सूचना पाळत गेली. अर्ध्यावर गाडं अडलं. एक सॉफ्टवेअर पानावर लिहिल्यापेक्षा नवं लागत होतं. म्हणजे पान चुकलंच होतं. तिने ते दुरुस्त केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दादाला आपण घरातून दुसऱ्यांदा बाहेर काढतोय असं तिला वाटत होतं. तरीही बोटं सफाईने चालत होती, याचा तिला रागही येत होता.

दुपारभर संगणक राबत होता. आतला जुना पंखा घुं घुं करू लागला. खोलीत तेवढाच आवाज.

"ऐकतेयस?" आई म्हणाली.

"तापलाय तो, म्हणून," मुलगी म्हणाली. पण तिनेही ऐकलं होतं.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा काम संपलं. जुना कर्नल पुसला, नवा बसवला. "आता तिथे माझं नाव येईल बघ," ती शक्य तितक्या हलकेपणाने म्हणाली. "तेही तूच ठेवलंयस."

"हं," आई म्हणाली.

पडदा काळा झाला. पहिली ओळ उमटली.

भुंगा.

क्षणभर मुलीला मागे वळून बघायचा धीर होईना. मग डोकं ताळ्यावर आलं. खातं! आजवर आपल्या संगणकावर आपल्याच नावाने काम करायची सवय. आज सकाळपासून आपण भुंग्याच्या नावाने बसलोय, हे ध्यानातच आलं नव्हतं. एखाद्या नवख्याने करावी अशी चूक. तिला हसू आलं आणि रडूही.

"आई, त्याचं असं झालं..."

आईचं तिकडे लक्ष नव्हतं. पडद्याला नाक लावून ती नावापुढची तारीख वाचत होती. एकदा वाचली, परत वाचली.

"आजची आहे," आई म्हणाली.

ती उठली. दाराकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे.

"आला होता, तर जेवून का नाही गेला?"