मरझान्नाचं जाकीट

पोरींनी पेंढ्याची मरझान्ना काठीवर उभी केली आणि तेक्लाच्या काळजात धस्स झालं. मरणाच्या त्या बाईच्या अंगावर तिचंच निळं जाकीट होतं. लग्नातलं. बाहीवरची लाल वेल तिने स्वतः भरलेली. एक पान चुकून उलटं आलं होतं, तेही तिथेच होतं.

हिवाळा सरताना मरझान्नाला नदीत बुडवायचं, म्हणजे मरण गावातून जातं. तिला सजवायला घरोघरचे कपडे मागतात, पण ते जुने, विटलेले. लग्नातलं कोण देतं?

"आई, माझं जाकीट तिच्या अंगावर कसं?" तिने शेजारी उभ्या असलेल्या सासूला विचारलं.

ओतिलियाने मानही वळवली नाही. "पोरी मागायला आल्या. दिलं."

"पेटीतलं काढून? मला न विचारता?"

"तिला काय चिंध्यांत पाठवायची? हळू बोल, खोकला येईल."

खोकला आलाच. आजूबाजूच्या बायका हळूच दूर सरकल्या. तेक्ला नुकती कुठे अंथरुणातून उठली होती. सबंध हिवाळा तिने तापात काढला होता. पाद्रीबाबा मरणाऱ्याच्या कपाळाला लावतात ते शेवटचं तेलही लावून गेले होते.

मिरवणूक निघाली तशी शेजारची याद्विगा तिच्या कानाशी लागली. "ओतिलियाने स्वतःच्या हाताने चढवलं गं ते जाकीट. गुंड्यासुद्धा लावल्या. आणि ती गिरणीवाल्याची लग्नाची थोरली पोर तुमच्याकडे येऊन गेली, ठाऊक आहे ना? तू आत कण्हत होतीस, आणि तुझी सासू तिला गोठा दाखवत होती. उगीच कुणी कुणाला गाई दाखवतं होय?"

तापात सासूने तोंडाला लावलेल्या काढ्याची कडू चव तेक्लाच्या जिभेवर परत आली. काय होतं त्यात? एरवी सासू चार पावलं पुढे चालायची. आज ती तेक्लाच्या खांद्याला खांदा लावून चालत होती, चोराबरोबर शिपाई चालावा तशी.

नदीकाठी मरझान्नाला पेटवली आणि पाण्यात ढकलली. ज्वाळा छातीपर्यंत चढल्या. भरतकामाची बाही तेवढी पाण्यावर हेलकावत राहिली, कुणी हात करून बोलवावं तशी. तेक्ला भान हरपून पाण्याकडे निघाली. मनगटावर घट्ट पकड बसली.

"बुडत्या मरझान्नाला हात लावशील तर तो हात वाळेल," ओतिलिया म्हणाली.

"वाळू दे! तुमचं काय जातंय? दोन धड हातांची दुसरी बघून ठेवलीच आहे तुम्ही."

ओतिलियाचे ओठ आवळले गेले. तिने नाही म्हटलं नाही. तेक्लाला तेवढं पुरे होतं.

"पळा!" कुणीतरी ओरडलं.

आता मागे बघायचं नसतं. बघेल त्याच्या पाठोपाठ आजार घरी येतो. आणि धावताना जो पडेल, तो पुढचा वसंत बघत नाही. सगळं गाव जीव घेऊन पळत सुटलं. तेक्लाही पळाली, पण पायांत जीव कुठे होता? उतारावर तोल गेला आणि ती गुडघ्यांवर चिखलात कोसळली.

कुणी थांबलं नाही. वळून बघणार कोण? पावलांचा आवाज लांब लांब जात राहिला. मग त्यातली दोन पावलं थांबली.

ओतिलिया पुरती मागे वळली होती. नदीकडे तोंड करून ती उतार उतरत आली.

"ऊठ."

"मागे बघितलंत तुम्ही," तेक्ला पुटपुटली.

"डोळे आहेत मला. ते जाकीट घालून तुझं मरण गेलंय नदीत. ऊठ म्हणते ना."

तिने सुनेला काखेत हात घालून उभं केलं, तिचे तळवे पुसले. स्वतःचा धुतलेला एप्रन सोडला आणि तेक्लाच्या बरबटलेल्या घागऱ्यावर पुढून घट्ट बांधला. मग इकडेतिकडे न बघता ती तिथेच, चिखलात गुडघे टेकून बसली आणि उठली.

गावातल्या पहिल्या घरापाशी सगळे धापा टाकत एकमेकांना न्याहाळत होते. याद्विगाची नजर तेक्लाच्या पांढऱ्या एप्रनवरून फिरली आणि शेजारी उभ्या ओतिलियावर जाऊन थांबली.

"अगं बाई! कोण पडलं?"

"मी," ओतिलिया म्हणाली, आणि चिखल सगळ्यांना नीट दिसावा म्हणून तिने आपला घागरा पुढे ओढला.