मधला थर

सातपूरच्या मास्क कारखान्यात चाचणीयंत्रावर बसणारी तृप्ती सुट्टीला सुरगाण्याकडच्या गावी आली, तेव्हा दोरीवर बाचा मास्क वाळत होता. बा खडीमशीनवर कामाला. मास्क तिनेच दिलेला. "रोज साबणानं धुते," आई कौतुकानं म्हणाली. तृप्तीने तो कारखान्यात नेऊन यंत्राला लावला. शंभरातले पंच्याण्णव धूलिकण अडवणारा मास्क पन्नासच अडवत होता. धूळ ओढून धरणारा मधल्या थरातला विद्युतभार साबणाने धुऊन गेला होता. तिने हे फोनवर सांगितल्यावर आईने विचारलं, "म्हंजे सहा महिनं मीच त्यांना धूळ खाऊ घातली?" "नाही गं. धुऊ नका असं पाकिटावर लिहिलंय, पण इंग्रजीत." सकाळी तृप्तीने मालकांपुढे पाकीट ठेवलं. "हे मराठीतही छापा." "मास्क घेणाऱ्या कंपन्यांना इंग्रजी येतं." "घेतात कंपन्या, साहेब. धुते माझी आई." मराठीतली ओळ लिहून द्यायला मालकांनी पेन तिच्यापुढे धरलं.