मूठभर उरेपर्यंत

तबेल्यात घोडे चार, गवताच्या जाळ्या चार, रात्रीसाठी प्रत्येकीत सात किलो. सकाळी तीन जाळ्यांत मूठभर गवत उरायचं, राणीसाहेब नावाच्या घोडीची मात्र चाटूनपुसून साफ.

"उपाशी राहते बिचारी. गवत उरलं तरच पोट भरलं समजायचं," मामा म्हणाला आणि तिला दर आठवड्याला दोन किलो वाढवत गेला.

"मामा, शर्यत महिन्यावर आलीय. ती उपाशी नाही, हावरट आहे."

"तुझं ताट मी कधी वजन करून वाढलं का?"

शर्यतीच्या सकाळी तिच्या जाळीत मूठभर गवत उरलं. "झाल्या एकदाच्या तृप्त," म्हणत मामाने ऐटीत खोगीर चढवलं.

पोटाखालचा पट्टा चार बोटं कमी पडला.