पिवळा शर्ट

घाटाच्या पायथ्याला धैर्यशीलच्या सायकलचं पुढचं चाक पंक्चर झालं आणि बिरुदेवने करकचून ब्रेक दाबला. कप्तानाचं चाक गेलं की जवळच्या साथीदाराने स्वतःचं काढून द्यायचं, ही संघाची रीत. संघाची गाडी बरीच मागे राहिली होती.

“आज राहू दे, बिऱ्या. तुझे अण्णा आलेत ना?” धैर्यशील म्हणाला.

“बोलत बसू नको, पळ!” चाक बसवून बिरुदेवने त्याला पुढे ढकललं.

मधुमेहाने अण्णांची नजर जवळजवळ गेली होती, रंग तेवढे कळायचे. तेही दिसेनासे होण्याआधी पोराची एक शर्यत बघायची म्हणून ते जोतिबाच्या डोंगरावर, शर्यत संपायची तिथे, येऊन बसले होते. “तुला वळखू कसा?” त्यांनी विचारलं, तेव्हा बिरुदेव म्हणाला होता, “पिवळा शर्ट बघा.”

मागच्या गाडीतून चाक मिळून तो वर पोहोचला, तोवर शर्यत धैर्यशीलने जिंकली होती. संघाच्या पिवळ्या शर्टातल्या त्या विजेत्याला अण्णांनी घट्ट मिठी मारली होती.

“माझा पोरगा पैला आला!” ते रडत सगळ्यांना सांगत होते. “आरं, बोल की लेका!”

ओशाळलेल्या धैर्यशीलने तोंड उघडलं. बिरुदेवने घाईने मान हलवून त्याला थांबवलं आणि त्याच्या खांद्यामागे जाऊन म्हणाला, “दमलोय, अण्णा.”

“दमणारच की, वाघा!” म्हणत अण्णा धैर्यशीलच्या घामेजल्या पाठीवरून हात फिरवत राहिले.