दोन्ही टोकांचा वेग

"नुसता कचराच येतोय," व्हेगार म्हणाला.

टेबलावर बोटीची नोंदपेटी होती. स्तेइनारची बोट गेल्या हिवाळ्यात बुडाली आणि ही पेटी परवा कुणाच्या तरी जाळ्यात वर आली. बोट कुठे कुठे फिरली ते सगळं अशा पेटीत राहतं. व्हेगारनं तिच्या माहिती बाहेर काढायच्या सिरियल पोर्टची केबल घरच्या संगणकाला जोडली होती. पडद्यावर चौकोन नि वेडीवाकडी अक्षरं.

"बिघडली का रे?" स्तेइनारच्या वडिलांनी, तोरलाइफकाकांनी विचारलं.

"नाही. पेटी नि संगणक, माहिती पाठवायचा दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही की असंच दिसतं. काका, तुम्ही बसा बरं. मागे असे उभे राहिलात की मला सुचत नाही."

"मोठा साहेब झालास! माझ्याच धक्क्यावर शेंबूड पुसत फिरायचास." काका बसले मात्र नाहीत. खिडकीशी जाऊन बंदराकडे बघत राहिले.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पोरगा परत येत होता का? तो निघाला त्या सकाळी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "माझ्या धक्क्याला पुन्हा बोट लावायची नाही," असं काका सगळ्या स्कार्वॉय गावासमोर ओरडले होते. संध्याकाळी वादळ आलं.

"घराकडे वळला असेल, तर माझ्यावरचा राग गेला होता त्याचा," काका खिडकीपासूनच म्हणाले. "एवढं कळू दे रे. मग मी मरायला मोकळा."

"काहीतरी बोलू नका," स्तेइनारची आई, गुनवोरकाकू म्हणाल्या. त्या वॅफल भाजत होत्या. गावातल्या सगळ्या बायकांप्रमाणे बोटीची किनाऱ्यावरची कामं त्याच बघायच्या. मासळीच्या नोंदी पाठवायच्या, यंत्रं दुरुस्तीला द्यायच्या. पोरगा गेल्यापासून तिनं संगणकावरचं फडकंसुद्धा काढलं नाही, असं काकांनी मघाशी सांगितलं होतं.

व्हेगारनं नेहमीचा वेग लावून पाहिला, मग त्याच्या वरचा, खालचा. शेवटी बोटीवर कुणीच ठेवत नाही असा अगदी मंद वेग लावला, पॅरिटी, म्हणजे अक्षरं तपासायची खूण, बदलली, आणि आकडे सुरळीत उतरू लागले.

नकाशावर रेघ उमटली. बोट घराकडे वळली होती. बंदराच्या तोंडापर्यंत आली होती. तिथे, धक्क्यावरचे दिवे दिसतील इतक्या जवळ, भर वादळात बराच वेळ थांबली होती. मग तोंड फिरवून पुढच्या गावच्या बंदराकडे निघाली होती. वाटेतच रेघ संपली.

व्हेगारनं पॅरिटी उलटी केली. पडदा पुन्हा चौकोनांनी भरला.

"काय झालं?" काका लगबगीनं आले.

"झाकणातून खारं पाणी शिरलंय, काका. आत काहीच उरलं नाही."

"काहीच नाही?"

काका खुर्चीत कोसळले आणि लहान मुलासारखे हुंदके देत रडले. व्हेगारला बघवेना. त्यानं केबल गुंडाळली.

काकू त्याला सोडायला बाहेर आल्या. हातात गरम वॅफलची पुडी ठेवली.

"काकू, माफ करा मला. खरं सांगायचं तर..."

"गप्प बस." त्यांनी आत नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं. "तुला जमणार नाही असं वाटलं होतं रे. परवा रात्री ती रेघ बघून पेटीचा वेग मीच बदलून ठेवला होता."