दहावी सवारी

वृद्धाश्रमाच्या दारात आल्विन ह्रुस्काने बस उभी केली, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की काचेपलीकडचं काही दिसत नव्हतं. कापणी झालेल्या भातखाचरांत कुठेतरी उत्तरेकडून आलेले हंस बोलत होते. दिसत एकही नव्हता. नुसता आवाज, झोपेत ऐकू यावा तसा.

बस सरकारी कॉलेजची, दिवस मतदानाचा. कॉलेजला नव्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे होते आणि त्यासाठी लोकांचा कौल हवा होता. अध्यक्षांच्या कचेरीतला ट्रेंट पुढच्याच सीटवर यादी घेऊन बसला होता. यादीत नऊ नावं. फोनवर ज्यांनी कर्जरोख्यांना 'हो' म्हटलं होतं, तेवढीच.

"गाडीच्या वहीत काय लिहू?" आल्विनने निघतानाच विचारलं होतं.

"विद्यार्थ्यांची सहल लिहा. शैक्षणिक." ट्रेंट हसला होता. "अहो, तुमच्याच लेकीसाठी चाललंय हे सगळं."

ते खोटं नव्हतं. केंड्रा तिथेच नर्सिंग शिकत होती. पत्र्याच्या शेडमध्ये, गळक्या छपराखाली बादल्या मांडून, पोरी रबरी दंडांवर सुया टोचायचा सराव करायच्या. आल्विनचंही मत 'हो'च होतं. म्हणून तो पुढे काही बोलला नव्हता.

एकेक म्हातारं माणूस धुक्यातून उगवत होतं. आधी काठी, मग हात, मग चेहरा. ट्रेंट नावापुढे खूण करी. नऊ झाले. तो यादीची घडी घालतोय तोच दहावी आकृती उमटली. चालायचा वॉकर, निळी टोपी, त्याखाली ताठ मान. आल्विन नकळत सावरून बसला. कुबेनाबाई. आठवीत नागरिकशास्त्र शिकवायच्या. त्याला दोनदा नापास केलं होतं त्यांनी.

"आजी, तुमचं नाव नाहीये यादीत," ट्रेंट दारातूनच म्हणाला.

"आजी असेन माझ्या नातवांची. कसली यादी?"

"म्हणजे... तुमचं मत काय आहे, त्यावर..."

"माझं मत 'नाही' आहे. नर्सिंगचं नाव पुढे करून आत घोड्यांचं रिंगण घुसवलंय तुम्ही. प्रस्तावाची सगळी पानं वाचलीत मी. सरक आता, गारठलेय."

ट्रेंट आल्विनकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "दार लावा. निघू या."

आल्विनचा हात खटक्यावरच होता. उघड्या दारातून धुकं आत येत होतं, सीटांखालून मागे मागे सरकत होतं. क्षणभर त्याला वाटलं, बस जमिनीवरून सुटलीय आणि आपण सगळे कुठेतरी वर, हंसांमध्ये आहोत. तिथे कुणाचं मत काय, कोण विचारणार? मग त्याला केंड्राचे ओले बूट आठवले. एक मत. दार लावायला एक बोट पुरलं असतं.

त्याने शेजारचा खटका दाबला. दाराची पायरी घरघरत खाली गेली, कुबेनाबाईंच्या वॉकरपाशी टेकली.

"काय करताय? तुम्हाला पगार कोण देतं, लक्षात आहे ना?"

"कर भरून ह्याच देतात," आल्विन म्हणाला. "मागे बसलेत तेही देतात."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाई वर आल्या, ट्रेंटच्या शेजारची जागा रिकामी होती तिथे बसल्या आणि टोपी नीट केली.

तिथून अकरा मैल जायचं होतं. रस्ता म्हणजे दिव्यांपुढचा हातभर तुकडा. तो संपायचा आणि दुसरा यायचा. एका वळणावर हंस रस्त्यातच बसले होते. आल्विनने इंजिन बंद केलं. शेकडो पांढरी पाठमोरी पाखरं धुक्यात हलली, बाजूला झाली, पुन्हा धुकं झाली. ट्रेंटसुद्धा काचेला नाक लावून बघत होता.

मतदान अग्निशमन केंद्रात होतं. म्हातारे एकमेकांना धरून आत गेले. एकजण दारातून ओरडला, "आल्विन, तुझंही नाव इथेच ना? ये की, टाकून घे मत!"

"ड्यूटीवर आहे मी."

परतताना कुबेनाबाई त्याच्या मागेच बसल्या. "तू मला आणलंस आणि मी तुझ्या पोरीच्या विरुद्ध मत दिलं. वाईट वाटलं?"

"वाटलं, बाई."

"वाटायलाच हवं. 'नाही वाटलं' म्हणाला असतास, तर तिसऱ्यांदा नापास केलं असतं."

कॉलेजात त्याने वहीत लिहिलं: 'मतदानाची फेरी. ट्रेंटच्या यादीतले नऊ, यादीबाहेरच्या एक.' खाली सही केली. गॅरेजचा मुकादम वाचून म्हणाला, "आल्विन, पान फाड हे. सरकारी गाडी प्रचाराला वापरली म्हणून तू गोत्यात येशील आणि कर्जरोखेही." आल्विनने वही मिटून त्याच्या हातात दिली, बसची किल्ली खुंटीला लावली.

मग आपला जुना ट्रक काढून तो त्याच रस्त्याने पुन्हा गेला. दुपारी उडालेलं धुकं दलदलीतून परत वर येत होतं. अग्निशमन केंद्राचं दार बंद व्हायला थोडाच वेळ होता. रांगेत तो शेवटचा.

टेबलामागच्या बाईने त्याचं ओळखपत्र पाहिलं, मग त्याच्याकडे. "सकाळी तर इथेच उभा होतास ना तासभर? तेव्हाच का नाही मत टाकलंस?"

"सकाळी मी नव्हतो आलो," आल्विन म्हणाला. "कॉलेजची बस आली होती."